सोनोग्राफीत गर्भजल कसे मोजावे आणि त्या आकड्याचे पुढे काय करावे

गर्भजलाचा आकडा चुकीचा निघाला, तर विनाकारण कळा आणवल्या जातात किंवा खरा धोका नजरेतून सुटतो. म्हणून मोजणाऱ्याचा हात आधी शिस्तीचा हवा.

आईला पाठीवर झोपवावे. शेवटच्या महिन्यांत उताणे पडल्याने चक्कर येत असेल, तर पाठीला आधार देऊन किंचित उठती स्थिती ठेवावी. एएफआय (गर्भजल निर्देशांक, म्हणजे पोटाच्या चार भागांतील पाण्याच्या खोलीची बेरीज) मोजताना बेंबीतून जाणारी आडवी रेषा आणि पोटाच्या मध्यावरची उभी रेषा यांनी पोटाचे चार भाग कल्पावेत. प्रोब (पोटावर फिरवायचा सोनोग्राफीचा भाग) आईच्या शरीराच्या लांबीला समांतर आणि जमिनीशी काटकोनात धरावा. पोटाच्या गोलाईबरोबर तो तिरपा होऊ देऊ नये, कारण मग पाण्याचा एकच कप्पा दोन भागांत मोजला जाण्याची शक्यता असते. दाब अगदी हलका असावा; जोराने दाबले की पाणी बाजूला सरते आणि आकडा खोटा उतरतो.

प्रत्येक भागातील सर्वांत खोल कप्पा शोधून त्याची उभी खोली सेंटीमीटरमध्ये घ्यावी. कप्पा किमान १ सेंमी रुंद असावा आणि मोजमापाच्या रेषेत नाळेचे वेढे किंवा बाळाचे हातपाय येऊ नयेत. (कलर डॉप्लर, म्हणजे रक्तप्रवाह रंगात दाखवणारी सोय, लावल्यावर नाळेचे वेढे अधिक दिसतात, त्यामुळे कप्पे लहान भरतात आणि पाणी कमी असल्याचे निदान वाढते.) चारही आकड्यांची बेरीज ८ पेक्षा कमी आली, तर तीनदा मोजून सरासरी घ्यावी.

बेरीज ५ किंवा त्याहून कमी असल्यास पाणी कमी, सुमारे २५ च्या पुढे गेल्यास जास्त मानतात. दुसऱ्या पद्धतीत एकच सर्वांत खोल कप्पा मोजतात. त्यात २ ते ८ सेंमी ही सामान्य मर्यादा आहे. पाणी कमी असल्याची शंका असेल, तेव्हा माझ्या मते हीच पद्धत निवडावी. एएफआयने अधिक स्त्रियांवर ‘पाणी कमी’ हा शिक्का बसतो आणि कळा आणवण्याचे प्रमाण वाढते, पण बाळांची प्रकृती त्यामुळे अधिक चांगली राहते असे तुलनात्मक अभ्यासांत दिसलेले नाही. जुळी बाळे स्वतंत्र पिशव्यांत असतील, तर प्रत्येक पिशवीचा खोल कप्पा वेगळा मोजावा.

आकडा कमी आला की प्रथम पाणमोट फुटली आहे का हे विचारावे, आईने घेतलेली औषधे पाहावीत (काही वेदनाशामक व रक्तदाबाच्या गोळ्यांनी बाळाची लघवी कमी होते, आणि गर्भारपणाच्या उत्तरार्धात गर्भजल मुख्यतः त्या लघवीचेच बनलेले असते), बाळाची मूत्रपिंडे व मूत्राशय तपासावे आणि वाढ व नाळेतील रक्तप्रवाह पाहावा. दुसऱ्या तिमाहीत पाणी फार काळ अत्यल्प राहिल्यास फुप्फुसांची वाढ खुंटते. हा सर्वांत गंभीर परिणाम आहे. पाणी जास्त असल्यास आईची रक्तशर्करा तपासावी आणि बाळाला गिळता येते का, याचा विचार करावा.

बाळाला सांभाळणाऱ्या डॉक्टरांना हे आकडे प्रसूतीपूर्वीच कळवावेत. पाणी कमी असलेल्या बाळाच्या श्वासावर आणि पहिल्या २४ तासांतील लघवीवर लक्ष ठेवावे लागते. पाणी फार वाढलेले असेल, तर पहिले दूध पाजण्यापूर्वी अन्ननलिका मोकळी आहे का, हे तोंडातून जठरापर्यंत नळी घालून पाहावे.