वयात येणाऱ्या मुलांवरची पुस्तकं: घ्यायची कोणती, वापरायची कशी

पालकत्वाच्या बऱ्याच पुस्तकांत किशोरवय अभ्यास, शिस्त आणि मोबाईल या तीन प्रकरणांत आटोपतं. मुलगा देवाला नमस्कार करायचा अचानक का थांबला, मुलगी हळदीकुंकवाला यायला का नाही म्हणते, मित्राचं आडनाव विचारल्यावर पोरं एवढी का भडकतात, यावर पानभरही मजकूर नसतो. घरातली खरी भांडणं तर इथेच होतात. म्हणून पुस्तक घेताना पहिल्यांदा हेच तपासायचं.

दुकानात दहा मिनिटं पुरतात. प्रस्तावना सोडा, ती सगळ्यांचीच गोड असते. अनुक्रमणिकेत 'उलट बोलणं' किंवा 'ऐकत नाही' अशा अर्थाचं प्रकरण शोधा आणि त्यातली दोन पानं वाचा. मूल काय म्हणालं ते त्याच्याच वाक्यात दिलंय का? की 'तो हट्टाला पेटला' एवढ्यावर भागवलंय? मुलाचं बोलणंच नसेल, तर ते पुस्तक मुलाला गप्प कसं करायचं एवढंच शिकवणार. मग बघा, पालक चुकल्याचं एक तरी उदाहरण आहे का. शेवटी वय बघा. जागतिक आरोग्य संघटना १० ते १९ या वर्षांना किशोरवय म्हणते. पाचवीतलं पोर आणि बारावीतलं पोर यांना एकच औषध देणारं पुस्तक परत फळीवर ठेवा.

अनुवादित पुस्तकांत गाडी चालवण्याचा परवाना आणि सुट्टीतली नोकरी यांवर पानंच्या पानं असतात. आजी-आजोबा, क्लास, सोवळंओवळं कुठेच नसतं. अशा पुस्तकातली विचार करण्याची पद्धत घ्या आणि उदाहरणं आपल्या घरातली घाला.

मुलाची मूल्यं समजून घ्यायला उपयोगी पडेल अशी एक जुनी मांडणी आहे. मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सनने 'स्वतःची ओळख घडवणं' हे या वयाचं मुख्य काम मानलं. त्यावरून जेम्स मार्शिया या मानसशास्त्रज्ञाने १९६६ साली दोनच कसोट्या लावल्या: या बाबतीत मुलाने पर्याय तपासून पाहिलेत का, आणि एखाद्या मतावर ते ठाम झालंय का? त्यातून चार अवस्था निघतात. तपासलं नाही आणि ठामही नाही, ते मूल अजून वाऱ्यावर आहे. तपासतंय पण ठरलेलं नाही, ते शोधात आहे. तपासून ठरवलं, त्याचं मत त्याचं स्वतःचं. चौथी अवस्था आपल्याकडे सर्वांत फसवी: न तपासताच ठाम. बाबा म्हणाले सायन्स म्हणून सायन्स, आई उपास करते म्हणून उपास. अशा मुलाला आपण 'गुणी' म्हणतो आणि शोधात असलेल्याला 'बिघडलेला'.

मार्शियाच्या मुलाखती व्यवसाय, धर्म आणि राजकारण या विषयांवर होत्या. घरी एका वेळी एकच विषय घ्या. प्रश्न तोच, पण आपल्या भाषेत: 'हे तुला कधीपासून वाटतं? आधी काही वेगळं वाटायचं का?' एकाच मुलाची अवस्था विषयागणिक वेगळी असू शकते. करिअरबद्दल वाऱ्यावर आणि मांसाहाराबद्दल एकदम ठाम. तेव्हा मुलाच्या कपाळावर शिक्का मारू नका.

पालकत्वाच्या पुस्तकांत लॉरेन्स कोलबर्गही भेटतो, बरं-वाईट ठरवण्याचा विचार वयानुसार कसा बदलतो याचा अभ्यास करणारा मानसशास्त्रज्ञ. मरणाच्या दारात असलेल्या बायकोसाठी नवऱ्याने औषध चोरावं का, हा त्याचा प्रसिद्ध पेच. पेच वापरताना पालक हमखास चुकतात ते 'हो' की 'नाही' याला गुण देऊन. कोलबर्गचं लक्ष उत्तराकडे नव्हतं, कारणाकडे होतं: पकडलं जाईल म्हणून नको, लोक काय म्हणतील म्हणून नको, की नियम मोडला तर सगळेच मोडतील म्हणून नको? हे तीन 'नको' सारखे नाहीत. मात्र त्याच्या मूळ अभ्यासात फक्त मुलगे होते, आणि नात्यांची, काळजीची बाजू मागे पडते ही मानसशास्त्रज्ञ कॅरोल गिलिगनची १९८२ मधली हरकतही लक्षात ठेवा. 'त्या बायकोला कुणी विचारलं का?' असं मुलगी म्हणाली, तर ती विषय टाळत नाहीये, वेगळ्या बाजूने विचार करतेय.

आता वाचायचं कसं. आठवड्याला एक प्रकरण, हातात पेन्सिल. प्रकरणातून एकच गोष्ट उचला आणि तीन आठवडे तेवढीच करा. उदाहरणार्थ, मूल बोलत असताना मध्ये न तोडणं. एकदम पाच बदल केले की आठवड्याभरात सगळे गळतात. नवरा-बायकोंपैकी एकच वाचत असेल, तर दुसऱ्याला प्रकरण पाच मिनिटांत सांगा. नाहीतर एक जण ऐकून घेतो, दुसरा ओरडतो आणि मूल बरोबर फट शोधतं.

पुस्तकाची भाषा तोंडात आली की काम बिघडतं. 'तुला राग आलाय असं मला जाणवतंय' हे वाक्य छापलेलं बरं दिसतं, पण वरणभात वाढताना म्हणून बघा! मूल विचारेल, 'कुठल्या व्हिडिओत पाहिलंस?' तिथे 'डोकं सटकलंय ना?' एवढं पुरतं. आणि 'पुस्तकात असं लिहिलंय' हे मुलासमोर कधीच म्हणू नका, ते हत्यार वाटतं.

कादंबऱ्यांचाही असाच वापर करता येतो. 'श्यामची आई' आपल्याकडे बऱ्याचदा सोट्यासारखं वापरलं जातं: 'बघ, तो कसा होता.' त्यापेक्षा मिलिंद बोकील यांची 'शाळा' घ्या. आणीबाणीच्या काळातली, नववीतल्या मुलांची गोष्ट. एकच प्रत दोघांनी आपापल्या वेळेला वाचायची. नंतर तात्पर्य विचारायचं नाही. 'यातली मोठी माणसं तुला कशी वाटली?' एवढंच. दुसऱ्याच्या घरातल्या मोठ्यांबद्दल बोलताना मुलं आपल्याबद्दलचं बरंच सांगून जातात.

झोप उडाली, जेवण तुटलं, मूल मित्रांपासूनही दूर झालं आणि हे दोन आठवडे टिकलं, तर पुस्तक मिटा आणि डॉक्टरांना भेटा. जगणं नको, असं काही मूल बोललं तर एक दिवसही थांबू नका. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आणि चोवीस तास चालतो.

दोन-तीन महिन्यांनी तुमच्या पुस्तकातलं एक प्रकरण मुलाला वाचायला द्या, पेन्सिलसकट. 'आमच्यासाठी लिहिलेलं आहे, पण तुमच्याबद्दल आहे. जिथे खोटं वाटेल तिथे फुली मार.' फुल्या बघितल्यावर लगेच खुलासा मागू नका, दोन दिवस जाऊ द्या. मग सर्वांत ठळक फुली निवडा आणि तिच्याबद्दलच विचारा. कोरं प्रकरण परत आलं, तर बहुधा त्याने वाचलेलंच नाही. तेही चालतं, पुढच्या महिन्यात दुसरं, छोटं प्रकरण द्या.