‘स्टोन’ मराठीत आणताना

इंग्रजीतील ‘स्टोन’पुढे ‘दगड’ लिहून मोकळे होण्याआधी तो दगड नेमका कुठे आहे, हे पाहावे. वाटेत पडला असेल तर दगड, अंगठीत जडवला असेल तर खडा, मूत्रपिंडात असेल तर मुतखडा, आभाळातून पडत असेल तर गार आणि फळाच्या पोटात असेल तर कोय, असे मराठीत जागेनुसार नाव पालटते.

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या वाचकांच्या कानांवर कन्नड सतत पडत असल्यामुळे ही गोष्ट त्यांना चटकन उमगेल. कन्नडमधला ‘कल्लु’ इंग्रजी शब्दासारखाच ऐसपैस आहे. गार म्हणजे आलिकल्लु, कोनशिला म्हणजे अडिगल्लु, मूत्रपिंडातला खडाही कल्लुच. एवढेच काय, खडीसाखरेलाही कल्लुसक्करे म्हणतात. म्हणून अडल्यास आधी मनात ‘कल्लु’ ठेवून पाहावे आणि अर्थ लागला की मग मराठी शब्द निवडावा. आंब्यापाशी मात्र ही युक्ती संपते, कारण कोयीला कन्नडमध्ये कोणी कल्लु म्हणत नाही.

खरी फसगत क्रियापदात होते. खजुराच्या पाकिटावर ‘स्टोन्ड डेट्स’ असे छापलेले असेल, तर तो बिया काढलेला खजूर होय. माझ्याकडे अनुवादाचा सराव करणाऱ्या एका विद्यार्थिनीने त्याचे ‘खडेमिश्रित खजूर’ केले होते. वर्गात हशा पिकला, पण असे लेबल लावून खजूर कोण विकणार? अशा वेळी कर्म पाहावे. कर्म फळ असेल तर कोय किंवा बी काढणे आणि माणूस असेल तर दगड मारणे. एखादा माणूस नुसताच ‘स्टोन्ड’ आहे असे म्हटले असेल, तर तो अमली पदार्थाच्या नशेत आहे, असे समजावे.

शब्दाआधी आकडा असेल आणि अनेकवचनाचा ‘स’ नसेल, तर बहुधा ते ब्रिटनमधले माणसाचे वजन असते. एक स्टोन म्हणजे 14 पौंड, सुमारे 6.35 किलो, त्यामुळे ‘टेन स्टोन’चा मनुष्य साडेत्रेसष्ट किलोचा होतो, आणि मराठीत किलोच लिहावेत.

विशेषणाचे दोन प्रकार आहेत. बेळगावच्या किल्ल्यातील कमल बस्ती या जैन मंदिराच्या छतावरचे कमळ खरोखर दगडी आहे; पण ‘स्टोन डेफ’ म्हणजे ठार बहिरा आणि ‘स्टोन कोल्ड’ चहा म्हणजे गारढोण चहा, तिथे दगडाचा संबंध उरत नाही. वाक्प्रचारांतही तसेच. एका दगडात दोन पक्षी मारणे मराठीत रुळले आहे, मात्र एकही दगड न उलथता सोडायचा नाही, याला आपल्याकडे जंग जंग पछाडणे म्हणतात, आणि दगड फेकण्याइतके जवळचे घर हाकेच्या अंतरावर असते.

निपाणीहून बेळगावला येताना महामार्गाच्या कडेला दिसणारा पिवळ्या माथ्याचा दगड आता किलोमीटर दाखवतो, तरी त्याला मैलाचा दगड म्हणायला हरकत नाही. एखाद्याच्या आयुष्यातल्या ‘माइलस्टोन’ला मात्र मी सरळ ‘टप्पा’ लिहितो.