केस टाकायच्या आधी पिशवीत काय काय हवं

कंपनीत भेदभाव झाला म्हणून लगेच वकिलाकडे पळू नका, आधी घरातलं कपाट उघडा. अपॉइंटमेंट लेटर, पगाराच्या स्लिपा, पीएफचं पासबुक. आमच्या चिपळूणात 2021च्या पुरात कित्येकांच्या कागदांचा लगदा झाला, माझं लेटरपण त्यातच गेलं, म्हणून सांगते, सगळं स्कॅन करून स्वतःच्या मेलवर टाका, ऑफिसच्या नको, तो बंद करायला त्यांना दोन मिनिटं लागतात.

मग एक साधी वही घ्या. तारीख, वेळ, कोण काय बोललं, तेव्हा शेजारी कोण होतं. "साहेब नेहमी टोचून बोलतात" एवढं लिहून काही होत नाही. मी बाळंतपणाच्या रजेवर असताना साहेबांचा फोन, "आता तुला ऑफिसचं झेपायचं नाही", आणि आठ दिवसांनी घरी पत्र, पॅकिंगला बदली, पगारही कमी. पत्र होतं म्हणून निभावलं, फोनवरचं कोण मानतंय! त्याच रात्री "आज तुम्ही फोनवर असं म्हणालात" असा मेल टाकायला हवा होता, तेव्हा सुचलं नाही. आधीच्या 12 महिन्यांत 80 दिवस काम भरलं असेल तर पहिल्या दोन मुलांना 26 आठवडे भरपगारी रजा हक्काची आहे, आणि त्या रजेत कामावरून काढणं किंवा नोकरीच्या अटी बिघडवणं बेकायदा.

व्हॉट्सॲपचे स्क्रीनशॉट काढा, पण म्हणून जुना फोन विकू नका, मूळ फोन लागू शकतो, आणि असा पुरावा द्यायला तो कुठल्या फोनमधून कसा काढला याचं सर्टिफिकेट सोबत लागतं.

मुदतीचं मात्र नीट ऐका. लैंगिक छळाची तक्रार 3 महिन्यांत करायची, सबळ कारण असेल तरच आणखी 3 मिळतात, आणि आपल्याकडे गणपती होऊ देत मग बघू म्हणता म्हणता शिमगा येतो. 10 किंवा जास्त माणसं असतील तर कंपनीतच समिती हवी, किनाऱ्यावरच्या छोट्या हॉटेलात नसेल तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे.

कायदा कुठला लावायचा ते वकिलाला विचारा, कारण खासगी नोकरीतल्या सगळ्या भेदभावाला एकच कायदा असं आपल्याकडे नाहीये. एससी-एसटी माणसाचा जातीवरून चारचौघांत अपमान झाला तर ॲट्रॉसिटी, ती पोलिसात. अपंगांसाठी 2016चा कायदा वेगळा. संविधानातलं कलम 16 सगळे फेकतात, पण ते सरकारी नोकरीचं. वकिलाची फी परवडत नसेल तर रत्नागिरीत किंवा सिंधुदुर्गवाल्यांनी ओरोसला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, बायकांना, एससी-एसटीला, अपंगांना, कारखान्यातल्या कामगारांना उत्पन्न न बघता वकील फुकट मिळतो.

तक्रार दिली की दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्या, नाही दिली तर स्पीड पोस्टाने पाठवा. आणि राजीनामा, फुल अँड फायनल म्हणजे शेवटच्या हिशोबाचा कागद, कशावरही तिथल्या तिथे सही नको. मला चहा पाजून, बाळाची चौकशी करून पेन पुढे केलं होतं, मी म्हटलं घरी नेऊन वाचते, तर कागदच परत ओढून घेतला.