जुनी नाताळ पोस्टकार्डं घेताना या चुका टाळा

जुन्या कागदांच्या एका ढिगात मला नाताळचं एक पोस्टकार्ड दिसलं होतं. सांताच्या दाढीवर, बर्फावर, पार घंटेच्या टोकापर्यंत कुणीतरी शाईने मजकूर खरडलेला. 'चित्राची वाट लावलीय' म्हणत मी ते परत टाकलं आणि शेजारचं कोरं, चकचकीत कार्ड घेऊन आलो. घरी भिंगाखाली धरलं तर ते अलीकडे छापलेली नक्कल निघालं. पुढच्या रविवारी पुन्हा गेलो, तोवर ते खरडलेलं कार्ड कुणीतरी उचललं होतं.

चूक काय झाली? मी चित्र पाहिलं, पाठ पाहिलीच नाही. सुरुवातीच्या काळात पोस्टकार्डाची मागची बाजू फक्त पत्त्यासाठी असे. तिथे मजकूर लिहायला मनाई, मग माणसं चित्रावरच लिहायची. पाठीवर मधोमध रेघ ओढून डावीकडे मजकूर, उजवीकडे पत्ता ही सोय ब्रिटनमध्ये १९०२ साली आली, जर्मनीत १९०५ मध्ये आणि अमेरिकेत १ मार्च १९०७ पासून. म्हणजे चित्रावरचं ते खरडणं हा डाग नव्हता, वयाचा दाखला होता. मात्र सगळ्या देशांना एकच साल लावू नका. रेघ असलेलं ब्रिटिश कार्ड १९०३ चं असू शकतं, अमेरिकन सहसा नाही.

टपालाच्या शिक्क्यावरही आंधळा विश्वास नको. कार्ड त्या तारखेनंतर छापलेलं नाही, एवढंच तो सांगतो. दुकानात चार वर्षं पडून राहिलेलं कार्डही लोक टपालात टाकत. आणि तिकीट हवं म्हणून कार्ड पाण्यात भिजवणाऱ्यांना तर हात जोडावेसे वाटतात. तिकिटासोबत शिक्काही जातो.

'पहिलं नाताळ पोस्टकार्ड १८४३ चं' असं कुणी म्हणालं तर थांबवा. लंडनमध्ये हेन्री कोल यांनी जॉन कॅलकॉट हॉर्सली यांच्याकडून चितारून घेतलेलं ते शुभेच्छापत्र होतं, किंमत एक शिलिंग. पोस्टकार्ड ही चीजच मुळी ऑस्ट्रिया-हंगेरीत १८६९ साली जन्मली. आपल्याकडे पाव आण्याचं कार्ड आलं १८७९ मध्ये.

लाल झग्याचा सांता दिसला की 'हे कोका-कोलाच्या जाहिरातीनंतरचं' असं ठरवून टाकणारेही भेटतात. त्या गाजलेल्या जाहिराती १९३१ पासूनच्या. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातल्या कार्डांवर लाल सांता भरपूर आहेत. सोबत हिरवे, निळे, तपकिरीही. 'जर्मनीत छापलेलं' म्हणजे जर्मन कार्ड, हाही असाच गैरसमज. पहिल्या महायुद्धाआधी ब्रिटन-अमेरिकेच्या बाजारासाठीची कितीतरी कार्डं जर्मनीतच छापून येत.

आता नक्कल ओळखायची कशी? दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि सांताच्या गालावर धरा. जुनं काम शिळाछापाचं. प्रत्येक रंगाला वेगळा दगड, जितके रंग तितक्यांदा कागद यंत्रातून जायचा. म्हणून ठिपके लहानमोठे, विस्कळीत दिसतात आणि एखादा रंग रेषेबाहेर किंचित सरकलेला असतो. आधुनिक छपाईत ठिपके शिस्तीत, छोट्या फुलांसारखी गोल नक्षी करून बसतात. लोणावळ्याजवळच्या मळवलीला रविवर्मा प्रेसमध्ये छापलेली लक्ष्मी-सरस्वती घरात असेल तर आधी तिच्यावर भिंग धरून डोळा तयार करा; तंत्र तेच. अंधारात अतिनील दिव्याखाली कागद निळसर-पांढरा चमकला तर तो बहुधा दुसऱ्या महायुद्धानंतरचा. नुसत्या उठावाच्या, म्हणजे बोटाला उंचवटा लागणाऱ्या चित्रावर मात्र भाळू नका, तसा उठाव आजही देता येतो.

लंडनच्या रॅफेल टक कंपनीच्या कार्डांवर क्रमांक असतात. पण त्यावरून नेमकं साल काढताना जपून. कंपनीची इमारत २९ डिसेंबर १९४० च्या बॉम्बहल्ल्यात जळाली, त्यात जुन्या नोंदींचं दप्तरही गेलं.

घरी आणल्यावर लॅमिनेशन नको, फाटलं तरी सेलोटेप नको. चिकट पानांचे फोटो-अल्बम तर अजिबात नकोत. काढताना पाठीचा पापुद्राच निघून येतो, आणि पाठ गेली की काय उरलं? साध्या पीव्हीसी पाऊचऐवजी पॉलिएस्टरचे घ्या. मुंबई-कोकणात राहत असाल तर डबा भिंतीला लागलेल्या कपाटात ठेवू नका आणि पावसाळा सरला की कार्डं एकदा बाहेर काढून सावलीत हवेशीर पसरा.