चष्म्याच्या दांडीवर पापण्या मोजायचा सेन्सर, तोही बॅटरी न खाणारा

माझी आत्या इंदूरला रामबागेत राहते, दिवसभर टॅलीवर हिशेब आणि संध्याकाळी डोळे चोळत बसणं. एरवी आपली पापणी मिनिटाला 15-20 वेळा लवते, स्क्रीनकडे एकटक बघताना ते खूप कमी होतं आणि डोळा कोरडा पडतो. म्हणून तिच्या चष्म्यावरच मोजणी बसवली.

सामान थोडंच आहे, टीसीआरटी5000 (इन्फ्रारेड एलईडी आणि परत आलेला उजेड ओळखणारा भाग एकत्र असलेला) सेन्सर, 3.3 व्होल्टचा आर्डुइनो प्रो मिनी (प्रोग्रॅम टाकता येणारा छोटा बोर्ड), 100 एमएएचची छोटी लिपो बॅटरी, एक 220 ओहमचा आणि एक 10 केचा रेझिस्टर, इंदूरच्या जेल रोडला एका चकरेत होऊन जातं. सेन्सरमधला एलईडी न दिसणारा इन्फ्रारेड उजेड टाकतो, पापणी मिटली की कातडीवरून तो जास्त परत येतो आणि रीडिंग वर उडी मारतं. दांडीच्या आतून, डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे, 10-12 मिलिमीटरवर तिरका लावा, बुबुळावर सरळ नको. 220 ओहम एलईडीला लावायचा, म्हणजे करंट 10 मिलिअँपच्या आतच राहतो. हा रेझिस्टर कमी करू नका, कारण प्रोग्रॅम अडकला तर एलईडी पेटलेलाच राहील आणि समोर डोळा आहे.

आता खरी गोष्ट. एलईडी सतत चालू ठेवला तर 100 एमएएचची बॅटरी 10 तासांत एकटा संपवतो. आणि पापणी तर 100 ते 400 मिलिसेकंद मिटलेली असते, तिच्यासाठी सतत बघत बसायची गरजच नाही! बोर्ड झोपवा, वॉचडॉगने (चिपमधला झोपेतही चालणारा टायमर) दर 16 मिलिसेकंदांनी उठवा, आधी एलईडी बंद असताना एक रीडिंग घ्या, मग 200 मायक्रोसेकंद पेटवून दुसरं घ्या आणि पहिलं त्यातून वजा करा. एलईडीचा सरासरी खर्च 0.12 मिलिअँपवर येतो, आणि त्या वजाबाकीने उन्हाचा त्रासही जातो, माझं पहिलं सर्किट आत्याच्या खिडकीतून ऊन आलं की भलतंच मोजायचं ते यानेच थांबलं. प्रो मिनीवरचा पॉवरचा दिवा मात्र काढून टाका, तो याच्या कितीतरी पट खातो.

इथे माझे दोन दिवस गेले: झोपेत मिलिस, म्हणजे आर्डुइनोचं वेळ मोजणारं फंक्शन, थांबतं, त्यामुळे वेळ त्याने मोजू नका, सँपल मोजा, म्हणजे दर 16 मिलिसेकंदांनी घेतलेली रीडिंग. उडी 6 ते 25 सँपल टिकली तर ती पापणी. त्याहून जास्त टिकली तर माणूस खाली बघतोय किंवा डोळे मिटून बसलाय, सोडून द्या.

उंबरठा, म्हणजे रीडिंग किती वर गेलं की उडी धरायची तो आकडा, ठोकून ठेवू नका, प्रत्येकाचा डोळा वेगळा आणि चष्मा नाकावरून घसरतोच. सुरू केल्यावर 5 वेळा मुद्दाम पापण्या मिटायला लावा, उडीच्या निम्म्यावर उंबरठा ठेवा. उघड्या डोळ्याची सरासरी हळूहळू बदलत राहू द्या, फक्त उडी चालू असताना थांबवा. पोहे चावताना गाल हलतो तोही यात बऱ्यापैकी सांभाळला जातो.

मग समोर बसून हाताने मोजून बघा. मी 5 मिनिटं मोजलं, माझे 41 आले, सर्किटचे 38, सुटलेल्या तिन्ही आत्या कीबोर्डकडे बघत असतानाच्या होत्या. सेन्सर 2 मिलिमीटर पुढे सरकवला, परत बसलो, एकच सुटली.