स्वसंरक्षणासाठी मार्शल आर्ट निवडताय? या चुका टाळा

‘स्वसंरक्षणासाठी काय शिकू?’ असं विचारणाऱ्याला उत्तरात एक नाव हवं असतं. कराटे, क्राव मागा, मुए थाय. पण नावाने फारसं ठरत नाही. समोरचा जोडीदार खरोखर ढकलतो, ओढतो, चकवतो का, यावर सगळं अवलंबून असतं.

न बघता फी भरणे. आधी एक अख्खी बॅच बाजूला बसून बघा आणि घड्याळ लावा. तासाभरात वीस मिनिटं वॉर्म-अप, वीस मिनिटं हवेत पंच-किक, पंधरा मिनिटं काता (ठरलेल्या हालचाली एकट्याने करणं) आणि शेवटी रांगेत उभं राहून नमस्कार, असा हिशेब निघाला तर व्यायाम छान होईल, एवढंच. निदान पंधरा मिनिटं जोड्या लावून झटापट व्हायला हवी. ‘आमचे डाव फार घातक आहेत, म्हणून स्पारिंग (सरावाची लढत) घेत नाही’ असं कुणी म्हणालं की चपला घालायच्या. वर्षभरात ब्लॅक बेल्टची हमी देणाऱ्याकडे तर चपला काढूच नयेत.

चाकू हिसकावण्याच्या डावांवर भाळणे. या चुकीने सगळ्यात जास्त नुकसान होतं. क्लासमध्ये जोडीदार प्लास्टिकचा चाकू घेऊन एकदाच वार करतो आणि हात तसाच लांब धरून थांबतो. मग मनगट पिरगाळणं कुणालाही जमतं. खरा हल्लेखोर एका हाताने कॉलर धरतो आणि दुसऱ्याने शिलाई मशीनच्या सुईसारखे वार करतो. हात पुढे आला की लगेच मागे.

खात्री करायची तर दोघांनी डोळ्यांना गॉगल लावा, एकाने जुना पांढरा टी-शर्ट घाला आणि दुसऱ्याच्या हातात मार्कर द्या. दहा सेकंद, मनाला येईल तसे वार. डेमोत टाळ्या मिळवणाऱ्या ब्राऊन बेल्टचा टी-शर्टही पोटापासून बगलेपर्यंत रंगतो, आणि बहुतेक रेघा तो मनगट शोधत असतानाच्या असतात. यावर उपाय साधा आहे: पैसे-मोबाइल मागितला तर देऊन टाका, वाट असेल तर पळा, नसेल तर मध्ये बॅग, खुर्ची, मिळेल ते धरा. चाकूचा हात दोन्ही हातांनी जखडणं हा अगदी शेवटचा मार्ग. हे शिकवणारे सर कंटाळवाणे वाटतात, पण खरे तेच.

खेळाचे नियम विसरणे. ऑलिंपिक तायक्वांदोत चेहऱ्यावर पंच आणि कमरेखाली किक चालत नाही, म्हणून हात खाली ठेवायची सवय लागते. बॉक्सिंगमध्ये मुठीला पट्टी आणि ग्लोव्ह असतो. उघडी मूठ कवटीवर बसली तर करंगळीमागचं हाड मोडतं. तळहाताच्या टाचेने, म्हणजे मनगटाजवळच्या भागाने, मारायची सवय करा. जिउ-जित्सू या जमिनीवरच्या झटापटीच्या कलेत पाठीवर पडून लढणं चालतं, पण डांबरावर, त्यातही समोर दोघे असताना, मुळीच नाही.

तालमीकडे दुर्लक्ष करणे. कोल्हापूर-सांगलीकडे तालीम हाकेच्या अंतरावर असते आणि तिथे रोज लढती होतात, तरी पोरं महागड्या क्लासला जातात. कुस्तीतही उणिवा आहेत. ठोसे नाहीत, आणि चितपट होऊ नये म्हणून मल्ल पालथा पडतो. रस्त्यावर पालथं पडलं की मान आणि पाठ समोरच्याच्या ताब्यात. त्यामुळे जोडीला चार-सहा महिने बॉक्सिंग करावं. तालीम जवळ नसेल तर ज्युदो. कानो जिगोरो यांनी 1882 मध्ये सुरू केलेल्या या कलेत मोकळी झटापट, म्हणजे रांदोरी, रोजच्या सरावातच असते. शिवाय हनुवटी छातीशी लावून पडायला शिकवतात, ते पावसाळ्यात बाइक घसरल्यावरही कामी येतं.

एका दिवसाच्या शिबिराने धीर येतो, कौशल्य नाही. पहिल्याच महिन्यात दोन कला एकदम धरू नका. माऊथगार्ड गरम पाण्यात मऊ करून स्वतःच्या दातांवर बसवून घ्या, दुसऱ्याचा वापरू नका.

आणि कायदा. भारतीय न्याय संहितेच्या 34 ते 44 या कलमांत स्वसंरक्षणाचा हक्क आहे, पण गरजेपुरताच. हल्लेखोर पडला, धोका टळला, तरी लाथा चालू ठेवल्या तर आरोपी तुम्ही ठरता. तिथून निघा आणि 112 लावा.