गिटार सुरात टिकत नाही? आधी नट बघा

तार बेंड केली, म्हणजे बोटाने बाजूला ताणली, की सूर उतरतो आणि बोल मात्र खुंट्यांना लागतो. इलेक्ट्रिक गिटारची तार बहुतेकदा अडकते ती नटच्या खाचेत; नट म्हणजे खुंट्यांजवळ, मानेच्या टोकाला तारा जिच्यावरून जातात ती छोटी पट्टी. खुंटी पिळताना ‘टिक्’ वाजून सूर एकदम उडी मारतो ना, तिथेच गोम आहे. तार सैल करून बाजूला घ्या, खाचेत टोकदार २बी पेन्सिल घासा, तार परत बसवा. तिसरी, म्हणजे ‘जी’ (G) सुराची, तार सगळ्यात हट्टी. सूर चढा झाला तर आधी उतरवा, मग खालून वर या. नव्या तारा हलकेच ओढून घ्या.

आणि नागपूरच्या उन्हाळ्यात गिटार कूलरसमोर ठेवूच नका, दमट हवेने लाकूड फुगतं. गच्चीवर वाजवायचं असेल, तर गिटार थोडा वेळ तिथल्या हवेत राहू द्या, मगच सूर लावा; उकाड्यात तारा सैलावतात.